दारात ठेवलेला तांब्या

आमच्या बाबांना 'नाही' म्हणता येत नसे. बाकी माणूस लाखात एक. दारू नाही, तंबाखू नाही, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. पण समोरच्याने खांद्यावर हात ठेवून "भाई, ये तो आपका ही काम है" म्हटलं की ह्यांची मान हललीच म्हणून समजा. अबू धाबीजवळच्या मुसफ्फातली आमची खानावळ अशीच उभी राहिली होती. गॅरेजांतून आणि वेल्डिंगच्या शेडमधून राजापूर-लांज्याकडची पोरं दुपारी यायची, ग्रीसने माखलेले हात साबणाने खसाखसा धुवायची आणि आईच्या हातची कुळथाची पिठी भुरकून पुन्हा त्या उन्हात जायची. त्या वर्षी मी बारावीची परीक्षा देऊन नुकती मोकळी झाले होते. जूनमध्ये पुण्याला जायचं, मावशीकडे राहायचं, कॉलेजात नाव घालायचं, एवढं एकच माझ्या डोक्यात. त्यासाठी जांभळ्या रंगाची बॅगसुद्धा आणली होती आणि ती रोज उघडून बंद करत होते. तेवढ्यात साजी आला.

साजी केरळचा. गेस्ट हाउसं चालवणाऱ्या एका कंपनीत तो सगळी वरकड कामं बघायचा. "साळवी भाई, छोटा काम है," तो म्हणाला. "ग्यारह गेस्ट. लोग बीमार हैं, होटल का खाना नहीं चलता. घर का खाना चाहिए, फॅमिली किचन. पंद्रह दिन मॅक्सिमम, फिर खलास." आईने आतून विचारलं, पाहुणे कोण? साजीने कानाला हात लावला. "भाभी, वो मत पूछो." मग हळूहळू एकेक अट बाहेर आली. तिथेच राहायचं. मोबाईल फाटकावर जमा करायचे. पाहुणे जाईपर्यंत बाहेर पडायचं नाही. आई बाबांकडे बघत होती आणि बाबांची मान हलत होती. खानावळ मामावर सोपवून आम्ही तिघं पातेली, कुकर, मसाल्यांचे डबे आणि विरजणाची छोटी स्टीलची डबी घेऊन गाडीत बसलो. ते विरजण आईने लग्नानंतर पहिल्यांदा इकडे येताना गावाहून पिशवीत गुंडाळून आणलं होतं, आणि तिने ते एक दिवसही मोडू दिलं नव्हतं.

अल ऐनच्या रस्त्यावरून आत वळून खजुरीच्या बागेत ते घर होतं. घर चांगलं होतं हो, नावं कशाला ठेवू? मार्बल, झुंबर, प्रत्येक खोलीला एसी. पण भिंत माझ्या दुप्पट उंच, आणि फाटक चाकांवर सरकणारं. ते बंद होताना घर्रर्र करत सरकायचं आणि शेवटी खट्ट करून बसायचं. आजही इथे अबू धाबीत, रीम आयलंडवर आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगचं शटर खाली येतं तेव्हा मी हातातलं काम टाकून ऐकत उभी राहते. मुलगी म्हणते, "मम्मा, इट्स जस्ट अ शटर." असेल बाई, शटरच असेल.

पाहुणे दुसऱ्या दिवशी उन्हं कलताना एका पडदे लावलेल्या व्हॅनमधून आले. मला वाटलं होतं कुणी पेशंट असतील. ते पेशंटसारखेच दिसत होते, पण पेशंट इकडेतिकडे बघतात. हे लोक खाली बघत उतरले आणि कुणीतरी आत जा म्हणेपर्यंत भिंतीशी ओळीने उभे राहिले. कुणी सांगितलं नव्हतं ओळ लावायला. बाबांच्या हातातलं पाण्याचं खोकं तसंच राहिलं. जेवायला बसले तर एक हात ताटाभोवती. पोळ्या दोनच खायच्या आणि दोन शर्टात. आईने पहिल्या दिवशी हौसेने कोंबडीचा रस्सा केला होता, तो कुणाच्या पोटात ठरला नाही. मग तिने जी पेज, मेतकूट, मुगाची आमटी आणि ताक सुरू केलं ते शेवटपर्यंत. दही मात्र त्यांना इतकं आवडायचं की वाटी चाटूनपुसून परत यायची. त्यांच्या देशातही घराघरात दही लावतात म्हणे. त्या देशाचं नाव मी लिहीत नाही. तिथे अजून माणसं आत आहेत.

अकरा जणांत बायका तिघी. त्यातल्या नादिरा आंटी शाळेत भूगोल शिकवायच्या. शिक्षकांच्या संपात पुढे उभ्या राहिल्या म्हणून उचललं होतं. त्यांना इंग्रजी छान यायचं, त्यामुळे माझी आणि त्यांची गट्टी जमली. दिवाणखान्यात बाकीचे टीव्हीसमोर नुसते बसून असत, आणि आंटी आमच्या स्वयंपाकघरात स्टुलावर बसून लसूण सोलत. आई त्यांच्याशी मुसफ्फाच्या हिंदीत बोलायची, "तुम खाओ ना, कितना बारीक हो गया है," आणि त्या हसून इंग्रजीत काहीतरी उत्तर द्यायच्या. दोघींना एकमेकींचं अक्षर कळत नव्हतं, पण गप्पा तासन्‌तास. मी मधे लागायची ती फक्त मोठ्या गोष्टींना.

मोठी गोष्ट त्यांनी एका दुपारी सांगितली, मटार सोलता सोलता. त्यांच्या सरकारने त्यांना तुरुंगात घातलं होतं, आणि दूरच्या एका थंड देशाच्या सरकारने पैसे मोजून त्यांना सोडवलं होतं. म्हणजे चांगुलपणानेच. तिथे लोकांनी सह्या गोळा केल्या, मोर्चे काढले, आणि शेवटी सरकारने गुपचूप व्यवहार केला. हे घर म्हणजे मधला थांबा. "आम्हांला विकत घेतलंय," आंटी शांतपणे म्हणाल्या. मी ते आईबाबांना सांगितलं तर बाबांचे डोळे विस्फारले. "सरकार सरकारकडून माणसं विकत घेतं? मासळीसारखी?" आई म्हणाली, "विकत काय म्हणता, सोडवून घेतलंनी म्हणा." मी आईचं वाक्य इंग्रजीत केलं. आंटींनी मान हलवली. "तुझी आई चांगली आहे. पण जो विकतो त्याला काय फरक पडतो? माझी कोठडी काय रिकामी ठेवतील? आणि ऐक. माझ्यासाठी पैसे येणार हे कळल्यावर त्यांनी माझ्या मुलाला पकडलं. त्याने काही केलं नव्हतं. एका घरातून दोनदा पैसे मिळतात, म्हणून."

मुलाचं नाव समीर. ते ऐकल्यावर आई एकदम खुलली, "अगो बाई, आपल्या शेजारच्या काकूंचा समीर! नाव तेच!" आणि मग काय झालंय ते लक्षात येऊन तिने तोंडाला पदर लावला. समीर एकोणीस-वीसचा, म्हणजे माझ्याहून जेमतेम मोठा. त्याच्याबद्दल आंटी सारखं बोलत. उंच होता, आळशी होता, मोटरसायकलचा वेडा होता. दह्यावरची साय आधी खायचा. साऱ्या घराचं दही एकीकडे आणि ह्याची साय एकीकडे, त्यावरून बहिणीशी मारामाऱ्या. तो पुढच्या विमानाने येणार होता. थंड देशाची एक अधिकारी बाई मधूनमधून यायची, हाना मॅडम, पांढऱ्या लिनेनच्या शर्टातली, स्वभावाने गोड. तिने आंटींना शब्द दिला होता की दुसरं विमान येईपर्यंत पहिले अकरा इथेच थांबतील, मग सगळे मिळून पुढे जातील. त्या शब्दावर आंटी जगत होत्या. फाटकाची घर्रर्र झाली की हातातलं टाकून खिडकीशी.

पंधरा दिवस केव्हाच उलटले. साजीला विचारलं की "इन्शाल्ला, नेक्स्ट वीक." बाबा बागेत चकरा मारायचे, भिंतीपर्यंत जायचे आणि वळायचे, अगदी पाहुण्यांसारखे. आई स्वतःला कामात बुडवून घ्यायची. मी मात्र चिडचिडी झाले होते. पुण्याला फोन नाही, निकालाची बातमी नाही, आणि वर तो एसीचा अखंड घुर्र आवाज. माझा कुठे काही गुन्हा होता? पण आंटींसमोर हे बोलायची सोय नव्हती. त्यांच्या पुढ्यात माझं दुःख काढलं असतं तर मलाच लाज वाटली असती.

त्यात एकदा मात्र मला बाहेर जायला मिळालं. मला अठरा पूर्ण झाली होती आणि व्हिसासाठी मेडिकल करणं भाग होतं. साजी गाडी घेऊन आला. मी निघाले तशी आईने नेहमीप्रमाणे हाक मारली, "वर्षे, थांब गो," आणि तळहातावर चमचाभर दही-साखर ठेवली. मी ती चाटली आणि पळाले. परत आले तर आंटींचा प्रश्न तयार, ते काय होतं? मी सांगितलं, आमच्यात कुणी महत्त्वाच्या कामाला निघालं की दही देतात, काम व्हावं म्हणून. परीक्षा असो, डॉक्टर असो, प्रवास असो. आंटींना फार गंमत वाटली. म्हणाल्या, "आमच्याकडे पाणी. जाणाऱ्याच्या पाठीमागे दारात पाणी ओततात. पाण्यासारखा सुखरूप वाहत जा आणि वाहत परत ये. पण ते बाजारात जाणाऱ्याला नाही हं. जो लांब चाललाय, गाव सोडून, त्यालाच." मग म्हणाल्या, "मला नेलं तेव्हा कुणी ओतलं नाही. समीरला नेलं तेव्हा बहीण सासरी गेलेली, घरात ओतायला कुणी नव्हतंच." मी हे आईला मराठीत सांगितलं. तिने ते मनात ठेवलं, आणि तिथेच घोटाळा झाला.

काही दिवसांनी साजी दुपारचा स्वयंपाकघरात आला आणि दार लावून घेतलं. उद्या सकाळी अकरा जणांसाठी नाश्ता बांधून द्यायचा. सगळे चाललेत. थेट त्या थंड देशात. पण त्यांना सांगायचं नाही, त्यांना सांगितलंय की हॉस्पिटलला चेकअपला नेतोय. बाबांनी विचारलं, आणि दुसरं विमान? साजी म्हणाला, "भाई, प्लॅन चेंज. पहला बॅच उधर पहुंचेगा, तब बाकी पैसा जाएगा. पैसा जाएगा, तब दूसरा बॅच निकलेगा." आईने हातातला डाव खाली ठेवला. "म्हणजे नादिराबाईला फसवून न्यायचं?" साजी चांगला माणूस होता. त्याने नजर वळवली. "भाभी, मैं तो नौकरी करता हूं."

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने सगळ्यांना रांगेत उभं केलं आणि एकेकाच्या तळहातावर दही-साखर ठेवली. बाबा घाबरून पुटपुटले, "अगं, सांगू नकोस म्हणालेत ना!" आई म्हणाली, "मी कुठे सांगत्येय? हॉस्पिटलला निघालं तरी आपण देतोच की." खरंच होतं ते. म्हातारे संपादक होते त्यांच्यात, त्यांनी तर दही डोळ्यांना लावून खाल्लं. आंटींनी हसत हात पुढे केला, दही चाटलं, माझ्या गालाला बोट लावलं आणि दाराकडे वळल्या. आणि दारात, उंबऱ्याच्या आतल्या बाजूला, पाण्याने काठोकाठ भरलेला आमचा पितळी तांब्या होता.

आईने ठेवला होता. बाबांना नाही, मला नाही, कुणाला न सांगता. हॉस्पिटलला जाणाऱ्याला दही चालतं, पण ही बाई परत येणार नव्हती, आणि हिच्या पाठीमागे पुन्हा एकदा कुणी पाणी ओतलं नाही असं व्हायला नको, एवढाच साधा हिशेब त्या माउलीच्या डोक्यात. व्हॅन फाटकाबाहेर पडली की ओतायचं. कुणाच्या लक्षात येतंय! आंटींच्या आलं. त्यांनी तांब्याकडे बघितलं, मग आईकडे. आईला खोटं बोलता येत नसे. तिचा चेहराच पडला. आंटी मागे फिरल्या, स्वयंपाकघरात आल्या आणि तांदळाच्या पोत्यावर बसून त्यांनी भिंतीला पाठ टेकली. "मी येत नाही," त्या म्हणाल्या.

मग जे सुरू झालं ते काय सांगू! हाना मॅडम आली. आधी गोड बोलली, मग समजावून बोलली, मग तिचे डोळे भरले. ती म्हणत होती, अकराच्या अकरा पोहोचले तरच करार पुरा होतो. तुम्ही इथे बसलात तर दुसरं विमान उडणारच नाही. तुम्ही स्वतःच्या मुलाची वाट अडवताय. आंटी म्हणाल्या, "आणि मी गेले तर? मला एकदा तिथे नेऊन ठेवलंत की तुमच्या पेपरात फोटो येईल, सगळे टाळ्या वाजवतील, आणि समीरची आठवण कुणाला राहील? मी इथे बसलेय म्हणून तरी तुम्हांला तो आठवतोय." इकडे आड, तिकडे विहीर. दोघींचंही खोटं नव्हतं, हेच तर वाईट. बाहेर व्हॅनचं इंजिन चालू. संपादक आत येऊन त्यांच्या भाषेत काहीतरी बोलले, हात जोडले, कारण दुसऱ्या विमानात त्यांचाही भाऊ होता. साजी दारात "यल्ला, यल्ला, फ्लाइट टाइम" करत घाई लावत होता. सगळे एका बाईला घेरून उभे, आणि ती बाई गुडघे छातीशी घेऊन बसलेली. तुरुंगात ती अशीच बसत असणार, असं तेव्हा माझ्या मनात आलं.

शेवटी आई ओरडली. माझी आई, जिचा आवाज शेजारच्या खोलीत जात नसे. "सब बाहर जाओ! तिला जरा श्वास घेऊ दे!" सगळे गेले. आई पोत्याशेजारी फरशीवर बसली आणि मला म्हणाली, "हिला नीट सांग. एक शब्द इकडचा तिकडे करू नको. म्हणावं, तू जा. तुझा समीर ह्या दारात येईपर्यंत मी इथून हलणार नाही. तुझ्या जागी मी बसत्ये."

"आई!" मी म्हटलं. "कॉलेजचं काय? बाबांची खानावळ?"

"सांगत्येस की नाही?"

मी सांगितलं. रागानेच. आंटींनी विचारलं, का? ही माझी कोण? आईने उत्तर दिलं, "आई आहे मी. दारात कुणीतरी वाट बघणारं लागतं. त्याला ह्याच दह्याचं विरजण लावलेलं दही देईन, साय काढून त्याची त्याला देईन, आणि मग तुझ्याकडे पाठवीन." आंटींनी आईचा हात घेऊन कपाळाला लावला आणि किती तरी वेळ सोडला नाही. मग उठल्या. व्हॅनमध्ये सगळ्यांत शेवटी चढल्या. आईने तांब्या उचलला आणि आता लपवायचं काही उरलं नव्हतं म्हणून सर्वांदेखत पाणी ओतलं. तापलेल्या फरशीवर ते बघता बघता वाळून गेलं.

त्यानंतरचे दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यांत लांब दिवस. चार दिवसांनी साजी म्हणाला, भाभी, आता तुम्ही मोकळे, मोबाईल घ्या, घरी जा, दुसऱ्या बॅचचा काही भरवसा नाही. फाटक उघडं होतं हो! सताड उघडं. आणि आम्ही आत. आई म्हणाली, "शब्द दिलाय." मला वाटलं आता तरी बाबा बोलतील. बाबांनी तिच्याकडे बघितलं आणि जन्मभर जगापुढे हलवली ती मान तिच्यापुढेही हलवली. मी आईशी बोलणं सोडलं. मावशीचा फोन आला, निकाल चांगला लागला होता, ताबडतोब ये म्हणाली. मी एकटी जाते म्हटलं तर बाबा मला एकटं सोडायला तयार नाहीत आणि आई तिथून उठायला तयार नाही. ॲडमिशनची मुदत गेली. त्या दिवशी मी जांभळी बॅग बागेत नेऊन उन्हात फेकली. आईने ती झटकून परत आणली आणि कपाटात ठेवली. रोज ती दूध तापवायची, पावडर घालून दाट करायची, बोट बुडवून कोमट झालंय का बघायची आणि विरजण लावायची. दही कुणी खायचं? आम्ही तिघं. मला दह्याचा वाससुद्धा नकोसा झाला होता.

आणि एके दिवशी भर दुपारी घर्रर्र झालं. दुसरी व्हॅन आली होती. तेच ते, खाली बघत उतरणं, भिंतीशी ओळ. आई पायांत चपलाही न घालता धावली. संपादकांचा भाऊ लगेच ओळखू आला, तेच नाक. मग एकेकासमोर उभी राहून आई विचारत होती, "समीर? समीर?" शेवटच्या पोराने मान हलवली. उंच, हाडं निघालेला, डोकं भादरलेलं. "समीर," तो पुटपुटला. आईने त्याला हाताला धरून थेट स्वयंपाकघरात नेलं. माझा इतक्या दिवसांचा राग कुठच्या कुठे गेला. मीसुद्धा रडत होते. मला वाटलं, ठीक आहे, पुणं गेलं तर गेलं.

आईने ताटात दहीभात कालवला आणि दह्यावरची जाड साय वेगळ्या वाटीत काढून त्याच्यापुढे ठेवली. तिचं हिंदी सुरूच होतं, "तुम्हारा मम्मी बहुत राह देखता है. खाओ बेटा, पहले मलई खाओ." पोराने वाटीकडे बघितलं आणि ती जराशी बाजूला सारली. भात खाल्ला, दही खाल्लं, साय तशीच. आईने वाटी पुन्हा पुढे केली. त्याने पुन्हा बाजूला सारली, नाक किंचित आक्रसून, जसं न आवडणाऱ्या गोष्टीला करतो तसं. आईचा हात थांबला. ती माझ्याकडे वळून अगदी हळू म्हणाली, "वर्षे, ह्याला विचार. ह्याच्या बहिणीचं नाव काय." मी विचारलं. पोराच्या हातातला घास ताटात पडला.

त्याचं इंग्रजी मोडकं होतं, पण कळलं. समीर त्याच्या शेजारच्या कोठडीत होता. बरेच दिवस तापाने होता. ज्या सकाळी नावं पुकारली त्या सकाळी तो उठला नाही. तो आता कधीच उठणार नव्हता. पहारेकऱ्यांनी इकडेतिकडे बघितलं. डोकी मोजून पैसे मिळणार होते, एक कमी पडून चालणार नव्हतं. ह्याची उंची तेवढीच होती. म्हणाले, "ऊठ. आजपासून तू समीर." तो सांगत होता आणि मी आईला सांगत होते. तो म्हणाला, मला परत पाठवू नका. म्हणाला, माझी आई तिकडे आहे, ती अजून दर आठवड्याला तुरुंगाच्या दाराशी डबा घेऊन येत असेल.

आईने सायीची वाटी उचलून ओट्यावर ठेवली. बाहेर दिवाणखान्यात बाबा आनंदाने सगळ्यांना सरबत देत होते. हाना मॅडमला सांगावं तर ह्या पोराचं काय होईल देव जाणे. न सांगावं तर तिकडे विमानतळावर ती बाई डोळ्यांत प्राण आणून उभी असणार, आणि तिच्यासमोर हा उतरणार. मी म्हटलं, "आई, काय करायचं गं?" किती तरी दिवसांनी मी तिला आई म्हणून हाक मारली होती. आईने डोळे पुसले. पोराच्या ताटात आणखी भात वाढला. "आधी जेव म्हणावं," ती म्हणाली. "मेल्यांनी त्याचं मरण दडवलंनी, आता ह्याचं जगणं आपण दडवू."

पुढे निघायच्या सकाळी तिने त्याच्या तळहातावर दही ठेवलं आणि मला सांगायला लावलं, "उतरलास की आधी तिच्या पाया पड. मग खरं काय ते कानात सांग. फक्त तिच्या." व्हॅनमध्ये चढायच्या आधी त्याने मला त्याचं खरं नाव सांगितलं. कुणाला तरी ठाऊक असू दे, असं म्हणाला. मी ते इथे लिहिणार नाही. आईने पाणी ओतलं. आम्ही त्याच दिवशी मुसफ्फाला परतलो, आणि आई अंथरुणाला खिळली.

आठवड्याने साजी मिठाईचा बॉक्स घेऊन खानावळीत आला. "भाभी! हाना मॅडम का फोन था. सब सक्सेस! मां-बेटा मिल गया!" बाबांनी गल्ल्यावरून उठून त्याला मिठीच मारली. साजी रंगात आला होता. "वो लडका तो पैर पे गिर गया. टीचर मॅडम ने उसको उठाया, मुंह देखा, एक मिनट कुछ बोली नहीं. पेपरवाले, पुलिस, सब खडे थे. फिर ऐसा पकडा उसको, ऐसा पकडा, और जोर जोर से चिल्लाई, समीर! मेरा समीर! सब लोग रोया."

आई भिंतीला धरून दारापर्यंत आली होती. "जोर से?" तिने विचारलं.

"हां भाभी, सबको सुनाई दिया."

बाबा म्हणाले, "बघ, तुझा शब्द खरा झाला." आईने मान हलवली. बाबांना तिने शेवटपर्यंत खरं सांगितलं नाही. त्यांना मनात ठेवता आलं नसतं. साजी गेल्यावर ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून म्हणाली, "त्याला कानात सांगायलासुद्धा लावलंन नाही गो त्या बाईने. चेहरा बघूनच पदरात घेतलंन." आणि मग तिला जे रडू फुटलं ते आम्ही दोघींनी कांद्यांवर ढकललं, कारण दुपारची गिऱ्हाइकं यायला लागली होती.

आता आई नाही, बाबा नाहीत. पुण्याला मी कधी गेले नाही. मी इथेच शिकले, इथेच नोकरी केली, आणि आता माझे गुडघे हवामान सांगायला लागलेत. विरजण मात्र तेच आहे, आईच्या डबीतलं. मुलगी म्हणते, "मम्मा, जस्ट ऑर्डर इट, खाली सुपरमार्केट आहे." मी रोज दूध तापवते, बोट बुडवून बघते आणि लावते. सकाळी वरची साय काढून वेगळ्या वाटीत ठेवते, आई ठेवायची तशी. ती आमच्या घरात कुणी खात नाही.